एकच स्टार

वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या दिवशी ग्वाक कुटुंबाच्या घरात कुणी भांडायचं नाही, हा ओकबुनबाईंचा नियम होता. भांडायचं तर आदल्या दिवशी भांडून घ्या, नाहीतर उद्या भांडा. रागाच्या हातांनी भरलेला कोबी लवकर आंबतो, असं त्यांचं ठाम मत होतं. सून म्हणून आल्यापासूनच्या तीस वर्षांत जोंगनिमने तो नियम मोडलेला पाहिला नव्हता. नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी सव्वानऊलाच तो मोडला.

सोमवार म्हणजे खाणावळीची सुट्टी. मागच्या अंगणात निळं प्लास्टिक अंथरलं होतं. तीनशे कोबी मिठात मऊ पडून, धुऊन, निथळत ठेवले होते. नदीकडून बोचरा वारा येत होता. जोंगनिम आणि तिचा नवरा तेकसू मोठ्या टोपात मुळ्याचा कीस, लसूण, तिखट आणि माशाचं खारं पाणी कोपरापर्यंत हात घालून कालवत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ओकबुनबाई पाटावर बसून हुकूम सोडत होत्या. धाकटा दीर तेकहून चांगवॉन शहराहून पहाटेच निघून आला होता, पण त्याने अजून हातमोजे चढवले नव्हते. आणि कोपऱ्यात हारान, जोंगनिमची मुलगी, तिकाटण्यावर फोन बसवून उजेडाचा कोन पाहत होती. अकरा वाजता तिला हा सगळा कार्यक्रम फोनवरून थेट दाखवायचा होता. चार हजार माणसांनी आधीच नावं नोंदवली होती.

"आजी, जरा इकडे सरक. डोक्याला रुमाल बांधशील ना, तो ठिपक्यांचा?"

"रुमाल बांधला की म्हातारी दिसते मी."

"म्हातारी दिसायचंच आहे आपल्याला."

सगळे हसले. दोन वर्षांपूर्वी ह्या अंगणात असं हसू नव्हतं. नवा रस्ता झाला, ट्रकवाले तिकडून जायला लागले, आणि जवाचा भात, बारा पालेभाज्या, सोयाबीनची खारट आमटी असलं साधं ताट खायला कुणी येईना. तेकसू दारावर 'विकणे आहे'चा कागद लावायच्या बेतात होता. तेवढ्यात हारान सोलमधली जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून आली. तिने खाणावळ नकाशाच्या अ‍ॅपवर नीट चढवली, फोटो काढले, दारात नंबर लावायचा टॅब बसवला, आणि आजीला कॅमेऱ्यासमोर बसवलं. 'ओकबुन आजीचं ताट' बघता बघता घरोघरी पोचलं. शनिवारी चाळीस-चाळीस नंबर ताटकळायला लागले. तेकहूनने चांगवॉनला दुसऱ्या शाखेची जागा घेतली. पाटी तेवढी लागायची राहिली होती.

तेकहूनच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो काढून पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"हारान, नवा अभिप्राय आलाय. एकच स्टार."

"असू दे काका. कुणाला तरी आमटी खारट लागली असेल."

"आमटीचं नाही हे." त्याने एकदा आईकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'माझी आई दर मंगळवारी आणि शुक्रवारी इथे जेवायची. हिटरजवळच्या टेबलावर बसायची. आजीबाईंचा व्हिडिओ पाहून तिने चाळीस दिवसांपूर्वी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. आम्हाला पत्ता लागू दिला नाही. परवा ती घरात पडलेली सापडली. आता शुद्धीवर आहे. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागतील. जेवण चवदार होतं, हे मान्य करतो.'"

फरशीवर कोबीचं पाणी टपटपत होतं.

हिटरजवळचं टेबल. जांभळी लोकरीची टोपी, हातात छोटी पिशवी, जाताना नेहमी स्वतःची ताटली स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आणून देणारी बाई. प्यो मालसुन. मागच्या शुक्रवारी आली नव्हती. जोंगनिमच्या मनात आलं होतं, थंडीमुळे असेल. तिचे हात तिखटात तसेच थांबले.

"घाबरायचं काही नाही," तेकहून म्हणाला. "मी वकिलाला विचारून ठेवलंय असल्या गोष्टींचं. बदनामी होते म्हणून अर्ज केला की अभिप्राय तीस दिवस झाकून ठेवतात. आत्ता अर्ज करू. तोवर आपल्या ओळखीच्या वीस-पंचवीस जणांकडून चांगले अभिप्राय लिहून घेऊ. हा खाली जाईल."

"खोटं लिहिलंय का त्याने?" हारानने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"खरं की खोटं कुणाला माहीत? त्याची आई काय खात होती, काय नाही, आपण बघायला गेलो होतो का? आपण म्हटलं होतं का तिला, गोळ्या फेक म्हणून?"

"मी नाही म्हटलं," ओकबुनबाई ताडकन बोलल्या. "मी माझं सांगितलं. लोकांनी आपापली अक्कल वापरावी."

तेकसूने धाकट्या भावाकडे पाहिलं, मग मुलीकडे. तो मुळात भांडणाला भिणारा माणूस. "महिनाभर झाकून ठेवूया," तो म्हणाला. "त्या बाईंना फळांची टोपली पाठवू. चांगवॉनचं एकदा मार्गी लागू दे."

"बाबा, तिची बोटं कापणार आहेत!"

"आपण कापतोय का?" तेकहून उसळला. "बाळ, त्या एका व्हिडिओला एकतीस लाख लोकांनी पाहिलंय. त्यातल्या एकीने वेडेपणा केला, तर दोष तुझा?"

तो व्हिडिओ सप्टेंबरातला. जोंगनिमला तो दिवस लख्ख आठवत होता, कारण उजेडाचा दिवा तिनेच धरला होता. हारानने सहज विचारलं होतं, आजी, तुझी तब्येत ह्या वयात अशी ठणठणीत कशी? ओकबुनबाईंनी जवाच्या भाताचा घास घेतला, हसल्या आणि म्हणाल्या, पासष्टीत मला साखर निघाली होती. डॉक्टर म्हणाला, जन्मभर गोळ्या. मी म्हटलं, जा रे. हे ताट खाल्लं दोन वेळा, रोज. आज माझ्या घरात एक गोळी सापडणार नाही तुम्हाला.

दिवा जोंगनिमच्या हातात जरासा हलला होता. हारान म्हणाली होती, आई, नीट धर ना.

आता हारान आजीसमोर उकिडवी बसली. "आजी, माझ्याकडे बघ. मी आत्ता त्या माणसाला उत्तर लिहिणार आहे. चार हजार लोकांसमोर बोलणार आहे. तू जे सांगितलंस ते खरं आहे, एवढं मला एकदा सांग. म्हणजे मी उभी राहीन. तू गोळ्या घेत नाहीस ना?"

ओकबुनबाईंनी नातीकडे पाहिलं नाही. त्यांची नजर टोपापलीकडे बसलेल्या सुनेवर गेली आणि तिथेच राहिली. त्या नजरेत दटावणी होती, आणि जोंगनिमला तीस वर्षांत प्रथमच दिसली अशी विनवणीही.

"नाही घेत," त्या म्हणाल्या.

जोंगनिमने टोपातून हात बाहेर काढले. हातमोजे कोपरापर्यंत लाल. गप्प बसणं हीच तिची ह्या घरातली नोकरी होती. सासूचं पथ्य, नवऱ्याची भीती, दिराची घाई, सगळ्यांवर तिने झाकण ठेवलं होतं. हे झाकण मात्र आता बसेना. डोळ्यांसमोरून जांभळी टोपी हलत नव्हती.

"घेतात," ती म्हणाली. "सकाळी आठला दोन, रात्री जेवणानंतर एक. तेरा वर्षं झाली. नदीपलीकडच्या दवाखान्यातून मीच आणते. तिळाच्या बरणीमागे ठेवते."

"वहिनी!"

"भाऊजी, मला बोलू द्या. आई गोळ्या घेतात म्हणून बऱ्या आहेत. जेवणाने मदत होते, डॉक्टरही म्हणाले. पण गोळ्या घेतात."

हारान उभी राहिली. रडेल असं वाटलं, पण ती आईवर चालून आली. "तुला माहीत होतं? दिवा धरून उभी होतीस तू! मी तीन दिवस ते कापत-जोडत बसले होते, रोज रात्री तुला दाखवत होते. एकदा म्हणाली असतीस, हारान, हे चुकीचं आहे! एकदा!"

"म्हणायला हवं होतं."

"मग?"

"तू आनंदात होतीस. तुझे बाबा दहा वर्षांनी शीळ घालत होते. मला वाटलं, लोक व्हिडिओ बघतात आणि विसरतात." जोंगनिमने आपल्या लाल हातमोज्यांकडे पाहिलं. "मला वाटलं, काय होणार आहे?"

ओकबुनबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. कुणी आधार द्यायला गेलं, तर त्यांनी हात झटकला. "तुला पोटच्या मुलीसारखी वागवली," त्या सुनेला म्हणाल्या. "आणि तू माझ्या मुलांसमोर मला उघडी पाडलीस." त्या आपल्या खोलीत गेल्या. दार आपटलं नाही. आतून कडी लावल्याचा आवाज तेवढा आला.

तेकसू बायकोकडे परक्यासारखा बघत होता. "तेरा वर्षं? मला, तिच्या मुलाला नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत का हो?"

तेकहूनने घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजले होते आणि तो हिशेबी माणूस होता. "ठीक आहे. घरातली गोष्ट घरात राहील. अकरा वाजता नुसती किमची दाखवा. आई दमली म्हणून सांगा. गोळ्यांचा विषय काढायचा नाही. मी अर्ज टाकतो."

"मी नाही करणार काका. रद्द करते मी आजचं."

"रद्द केलं की लोकांना संशय येईल. हो बाजूला, मी बोलतो." तो तिकाटण्याकडे वळला आणि त्याने फोनला हात घातला.

"ठेव तो खाली," तेकसू म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता. तरी तेकहून थबकला, कारण थोरल्या भावाने त्याला असं काही लहानपणापासून सांगितलं नव्हतं.

"दादा, चांगवॉनच्या जागेचं काय करायचं मग? माझं सगळं अडकलंय तिथे."

"माहीत आहे. ठेव."

तेकहूनने फोन ठेवला. खुंटीवरचा कोट काढला. डुकराचं मांस चुलीवर शिजत होतं, ताज्या किमचीत गुंडाळून खायचं, आणि ते त्याला दुनियेत सगळ्यात जास्त आवडायचं. तो न जेवता निघून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

अकरा वाजता हारान फोनसमोर बसली. "नमस्कार," म्हणाली आणि पुढे तिच्या तोंडून शब्द फुटेना. पडद्यावर लोकांची वाक्यं भराभर वर सरकत होती. आजी कुठे आहेत? किमची कधी? आमच्या बाबांनाही साखर आहे, ऑर्डर कशी द्यायची?

जोंगनिम तिच्या शेजारी जाऊन बसली. ह्या दोन वर्षांत ती एकाही व्हिडिओत दिसली नव्हती. दिसायचे ते तिचे हात, भाजी निवडणारे, आमटी ढवळणारे. हातमोजे काढायचंही तिला सुचलं नाही.

ही कोण? कुणीतरी लिहिलं.

"मी सून," ती म्हणाली. "जेवण मी बनवते. सप्टेंबरात आमच्या आईंनी तुम्हाला सांगितलं, की त्यांनी गोळ्या सोडल्या. ते खरं नव्हतं. त्या गोळ्या घेतात. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंनी ते ऐकून गोळ्या बंद केल्या. त्या इस्पितळात आहेत. तुमच्यापैकी कुणी बंद केल्या असतील, तर आज, आत्ता, डॉक्टरांकडे जा. तुमचे आईवडील तो व्हिडिओ बघत असतील, तर त्यांच्या गोळ्या मोजा. विचारू नका त्यांना, खोटं सांगतील. मोजा." तिला श्वास घ्यावा लागला. "जवाचा भात चांगला असतो. पोट भरतं, हलकं वाटतं. तेवढंच. मी माफी मागते."

ती वाकली. कपाळ जवळजवळ प्लास्टिकला टेकलं. शेजारी हारान वाकली. मागे, कॅमेऱ्यात अर्धवट दिसत, तेकसूही वाकला.

मग हारानने फोन बंद केला. तिघांनी मिळून तीनशे कोबी भरले. संध्याकाळी हारानने तो जुना व्हिडिओ काढून टाकला. पण इतरांनी उतरवून घेतलेल्या त्याच्या प्रती फिरतच होत्या.

मंगळवारी चाळिसाच्या जागी नऊ नंबर लागले. कुणी लिहिलं, प्रामाणिक माणसं. कुणी लिहिलं, फसवे. काहींनी लिहिलं, औषध कंपन्यांनी दम दिलेला दिसतो, बिचाऱ्या सुनेला बोलायला लावलं. त्याखाली शेकडो लोकांनी माना डोलावल्या होत्या. ओकबुनबाई जेवायला खोलीबाहेर येत, सुनेने वाढलेलं खात, आणि तिच्याशी बोलत नसत. काही हवं असलं तर तेकसूला सांगत, "तुझ्या बायकोला सांग."

गुरुवारी दुपारी जोंगनिम इस्पितळात गेली. हारान हट्टाने बरोबर आली. दाराबाहेर मालसुनबाईंचा मुलगा उभा होता, चांगगी नावाचा, पन्नाशीचा, तीन दिवस दाढी न केलेला. जोंगनिम कमरेत वाकली. तो ओरडेल, ढकलून देईल, अशी तिने तयारी केली होती.

"तुमचं बोलणं ऐकलं मी," तो थकल्या आवाजात म्हणाला. "आईलाही दाखवलं. ती म्हणते, सून खोटं बोलतेय. म्हणते, सुना सासूबद्दल असंच बोलतात. नर्सने सकाळी गोळी दिली तर तोंडात धरून ठेवली आणि नंतर थुंकली. उद्या तिच्या पायाचं ऑपरेशन ठरलंय, पण साखर खाली येत नाही, तोवर डॉक्टर हात लावायला तयार नाहीत." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला तुमची माफी नकोय. त्या आजीबाईंना सांगा तिला सांगायला. ती त्यांचंच ऐकते."

जोंगनिमने हारानकडे पाहिलं. हारानने फोन काढला आणि आजीला लावला, चेहरा दिसेल असा. बराच वेळ वाजला. तिघं भिंतीला टेकून उभी होती.

"काय गं?" पडद्यावर ओकबुनबाईंची हनुवटी आणि छताचा दिवा दिसला.

हारान बोलायला लागली, तर जोंगनिमने फोन आपल्या हातात घेतला. सुनेचा चेहरा दिसताच ओकबुनबाईंची हनुवटी बाजूला वळली. पण त्यांनी फोन ठेवला नाही.

"आई, मी मालसुनबाईंजवळ आहे. त्याच, हिटरजवळच्या टेबलावरच्या. त्या गोळी घेत नाहीयेत. मी खोटारडी आहे असं त्या म्हणतात." जोंगनिमने फोन दोन्ही हातांत धरला. "मला काय म्हणायचं ते म्हणा तुम्ही. घरातून जा म्हणालात तरी जाईन. पण ह्यांच्याशी बोला."

मग हनुवटी वर गेली, चेहरा दिसला. केस विंचरलेले नव्हते. "दे तिला," ओकबुनबाई म्हणाल्या.

आत मालसुनबाई खाटेवर अर्धवट उठून बसल्या होत्या. जांभळी टोपी नव्हती, त्यामुळे त्या खूप लहान दिसत होत्या. फोन समोर धरताच त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई, तुम्ही! ताई, बघा ना, हे लोक माझ्या मागे लागलेत. तुम्हीच सांगा ह्यांना."

"मी घेते गोळ्या," ओकबुनबाई म्हणाल्या.

"हो, तुम्हाला बोलायला लावलंय, कळतंय मला—"

"माझ्या तोंडून मला नको ते वदवून घेणारा अजून जन्मायचाय. तेरा वर्षं घेते. पन्नास वर्षं लोकांना सांगत आले, हे खा, निरोगी राहाल. आणि मलाच साखर निघाली. त्या दिवशी दवाखान्यातून मी नदीवर जाऊन बसले होते. वाटलं, हे बाहेर कळलं तर माझ्या हातचं कोण खाईल? म्हणून लपवलं. मग नात कौतुकाने विचारायला लागली आणि जीभ सैल सुटली." त्यांचा श्वास फोनमधून ऐकू येत होता. "लाज वाटत होती मला. दुसरं काही नाही."

मालसुनबाईंनी फोन जवळ ओढला. डोळे हळूहळू भरून आले.

"पण मला बरं वाटत होतं हो," त्या म्हणाल्या. "खरंच वाटत होतं. मंगळवारची वाट बघायची मी."

"वाटणारच. गरम जेवायचीस, चार माणसांत बसायचीस."

चांगगीने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"आणि माझा पाय?"

ओकबुनबाईंनी डोकं खाली घातलं, इतकं खाली, की पडद्यावर फक्त पांढरा भांग दिसत होता. ते डोकं कितीतरी वेळ वर आलं नाही. आपली सासू कुणापुढे वाकलेली जोंगनिमने कधी पाहिली नव्हती.

नर्स मागे येऊन उभी राहिली होती. तिने छोट्या कागदी वाटीतली गोळी पुढे केली. मालसुनबाईंनी ती बोटांत धरली, निरखली.

"घशात अडकते ही. मोठी आहे."

"माझीही मोठी आहे. भरपूर पाणी घे. मान खाली कर, वर नको करूस. हां. गिळ."

त्यांनी गिळली. तोंड उघडून, जीभ वर करून फोनला दाखवली, शाळेतल्या मुलीसारखी. चांगगी खुर्चीवर मटकन बसला आणि त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. हारान दाराच्या चौकटीला धरून रडत होती.

"उद्या ऑपरेशन आहे," मालसुनबाई म्हणाल्या. "मला भीती वाटते. सकाळची गोळी मी एकटीने नाही घेणार."

"किती वाजता देतात?"

"आठला."

"आठलाच घेते मी," ओकबुनबाई म्हणाल्या. "तू फोन लाव. दोघी मिळून घेऊ."